मुलींच्या दाराची कडी

तिसरीच्या वर्गात मी आरोग्याचा धडा घेत होते. भरपूर पाणी प्यावं, लघवी दाबून ठेवू नये, असं मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेतलं. आरोहीचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. शाळा सुटताना तिची पाण्याची बाटली मी सहज उचलली, तर ती गळ्यापर्यंत भरलेली.

"अगं, दिवसभरात एक घोटही नाही?"

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, पाणी प्यायलं की जावं लागतं. मुलींच्या संडासाला कडी नाही. मुलं दार ढकलतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला माहीत आहे ना, बाई."

माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीपासून माहीत होतं. शिक्षकांच्या बाथरूमची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, म्हणून त्या कडीची आठवण मला कधी झाली नाही, इतकंच. मुलांना आपण चांगलं काय ते किती सहज सांगतो, आणि ती बिचारी पाठही करतात. आपल्याला काय दिसतं आणि तरी आपण काय करत नाही, हे मात्र ती न सांगता शिकतात. त्या संध्याकाळी मला तिच्याकडे बघवेना.

सुताराला निरोप पाठवला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता, म्हणून छोट्या सुट्टीत मीच ते दार बाहेरून धरून उभी राहिले. आरोही आत गेली. क्षणभरानं आतून आवाज आला, "बाई, आहात ना?"

"आहे गं."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं.