साडूच्या चढात माझी खाट

आमच्या साडूइतका वाखाचा वेडा माणूस देवानं दुसरा घडवला नसेल, आणि घडवला असलाच तर तो माझ्या नात्यात तरी घातला नसता. मी दुसरीपुरता शाळेत गेलेला माणूस, पण हे मी चाकणच्या भर बाजारात उभा राहून सांगेन. लग्नाला गेला की नवरी बघायच्या आधी हा मांडवाचे दोर चाचपायचा. अंबाडीचा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, काढायला हा ती डबक्यात कुजवायचा, तर त्या वासानं आळीतली मांजरंसुद्धा परागंदा झाली. माझी मेव्हणी नाकाला पदर लावून जेवायची. साडू म्हणायचा, "अगं, कुजल्याबिगर धागा सुटत न्हाई!"

हे वेड घरात होतं तोवर ठीक होतं. पण आमच्या कुरुळीच्या ओढ्याचा चढ काळ्या मातीचा, पावसात गाडी आसापर्यंत रुतायची. साडूची एकुलती लेक पलीकडच्या वाडीत दिलेली. एका नागपंचमीला ती माहेराला निघाली आणि सासरची चार चाकांची बैलगाडी चढाच्या पायथ्याशीच बसली. गुडघाभर चिखल, कडेवर तान्हं पोर. सासरच्यांनी गाडी मागं वळवली. लेक लांबून हात करत गेली आणि साडू इकडं भिजत उभा.

त्या दिवसापासून त्यानं हाय खाल्ली. म्हणाला, "भिंतीच्या गिलाव्यात काड घालता, म्हणून भिंत तडकत न्हाई. मग रस्त्यानं काय पाप केलंय?" पुढच्या साली त्यानं अख्खी अंबाडी तोडून चढाच्या मातीत कालवली, बोंडांसकट. पहिल्या पावसात चढावर अंबाडी तरारून उगवली! मी बघतच राहिलो. बाया रस्त्यावर भाजी खुडताहेत, शेरडं चरताहेत, खुरांनी चढाचा पार काला झालेला. एक म्हातारी म्हणाली, "दाजी, पुढच्या खेपेला मेथी घाला!"

"आता पुरे, राव," मी म्हणालो.

"धाग्याचं चुकलं न्हाई. बोंडांचं चुकलं," तो म्हणाला.

पंचमी तोंडावर आलेली. त्या दिवशी आमच्यात माती उकरत नाहीत, म्हणजे आदल्या सांजेच्या आत काम उरकायला हवं. नवी अंबाडी कुजवायला सवड कुठली? मी दुपारी रानातून घरी आलो, पाठ टेकावी म्हणून खाटेकडं वळलो, तर काय! खाटेचा नुसता सांगाडा! सुंभाचा धागा नाही. बाहेर साडूची जनावरं दाव्यांवाचून गावभर मोकाट.

मी काठी घेऊन ओढ्यावर धावलो. साडू कोयत्यानं माझ्या खाटेचे वीतभर तुकडे करून मुरमात मिसळत होता.

"माझी खाट!" मी ओरडलो.

"जुनं सुंभ हाय, उगवायची भीती न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "आन् चोरली न्हाई. तुमच्या मंडळींनी सोतः उसवून दिली."

हा दुसरा धक्का. माझी बायको, खाटेवर दाणे वाळत घातले तरी मला विचारणारी! मी काठी टाकली. मग विचार केला, खाट गेली ती गेली, ती वाया तरी जाऊ द्यायची नाही. माती ठोकायची धुम्मस उचलली आणि अंधार पडेपर्यंत चढ ठोकत राहिलो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

पंचमीला गाडी आली. चाकं करकरली, बैल वाकले, गाडी चढू लागली. साडू उकिडवा बसून चाकाखालच्या मातीकडं बघत होता.

"आबा, मी आलीया!" लेक वरून म्हणाली.

"थांब. मागलं चाक येऊ दे."

मागलं चाक आलं. मग तो उठला, पोराला घ्यायला हात पुढं केले, तर ते हात कोपरापर्यंत चिखलाचे.

साडू आता नाही. दर पावसाळ्याआधी चढावर वाख-मुरूम मीच घालतो, बोंडं झाडून. खाट मात्र मी पुन्हा विणून घेतली नाही. बायको बोलबोल बोलते. मी सांगतो, माझी खाट चढात आहे, मी घोंगडीवर निजेन.

पंचमीला लेक येते. गाडी वर आली की विचारते, "काका, उतरू का?"

मी म्हणतो, "थांब. मागलं चाक येऊ दे."