खिडकीवरचे दात

आमच्या खिडकीच्या लाकडी चौकटीवर माझ्या नातीच्या दातांच्या खुणा आहेत. हिरड्या शिवशिवायला लागल्यापासून ती तिथे उभी राहून चौकट चावते. येणाऱ्याजाणाऱ्याला मी त्या खुणा कौतुकाने दाखवायचे. माझा मुलगाही याच खिडकीला धरून उभा राहायला शिकला.

काल सून डॉक्टरांकडून परतली, ती पोरीला छातीशी कवटाळूनच. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं म्हणे. ते पोरांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि चवीला गोडसर, म्हणून पोरं पुन्हापुन्हा तिथेच तोंड लावतात. पोरीचं रक्त तपासायला दिलंय. मुलगा लगेच पॉलिश पेपर घेऊन धावला.

"कोरडं घासू नकोस!" सून ओरडली. "ती धूळ तर आणखी वाईट!" आणि रंगाचं काम होईपर्यंत पोरीला घेऊन माहेरी गेली.

दसरा आला की आपण घर रंगवतो, म्हणजे जुन्यावर नवा हात मारतो. वरून चकचकीत दिसलं की झालं. खालचं तिथेच राहतं, आणि आपण त्याला विसरतो.

आज मी ओल्या फडक्याने चौकट पुसत होते. निळ्या रंगाचा एक पोपडा सुटून आला. खालच्या हिरव्या थरात बारीक खाचा होत्या, जुन्या, बुजत आलेल्या. मुलाने त्यांवरून बोट फिरवलं.

"आई, मीपण चावायचो का गं?"

मी फडकं पिळायला आत निघून गेले.