दुसऱ्या मजल्यावरची मोरी

ग्रेसीबाय मूळची पाचूबंदरची. अर्धं आयुष्य मासळी विकण्यात गेलं. गुडघे बोलायला लागले, तेव्हा कुवेतला नर्स असलेल्या तिच्या मुलीनं तिला माणिकपूरला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर घर घेऊन दिलं. तिथं ती एकटीच राहायची. तळमजल्याचं दुखणं तिला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. वरच्यांनी मोरीत काहीही सोडलं की ते तुंबून आधी तिच्याच न्हाणीघरात वर यायचं.

प्लंबरची वाट बघत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. हातमोजे चढवायची, जाळी उचलायची, वाकवलेल्या तारेनं केसांचे गुंते ओढून काढायची. मग रबरी पंप पाण्यात दाबून धरायचा आणि दमानं खालीवर करायचा. शेवटी साबण घातलेलं गरम पाणी ओतायचं. तेही उकळतं नाही. पाइप प्लास्टिकचा, सांधे सुटतात. अॅसिडची बाटली तिनं घरात कधी येऊ दिली नाही. "तुंबलेलं हातानं निघतं," म्हणायची, "घाई झालेली मानसं अॅसिड ओततात."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तिच्या मोरीत पाणी चढलं. तार घातली, पंप मारला, पाणी हलेना. म्हणजे अडकलं होतं ते पुढे, मागच्या गल्लीतल्या उभ्या पाइपात. ती मागे गेली. इमारतीत त्या वेळी कुणाचाच आवाज नव्हता. माणसं कामावर, पोरं शाळेत. पाइपाच्या बुंध्याशी एक झाकण होतं. तिनं ते जपून, बाजूला उभं राहून फिरवलं. काळं पाणी भसकन वाहून गेलं, आणि मागोमाग पाइपाच्या तोंडातून गार हवा आली.

मग पाइपानं श्वास घेतला.

ग्रेसीला आधी वाटलं, उरलेलं पाणी उतरतंय. पण पाणी असं थांबून थांबून उतरत नाही. आत ओढल्यासारखा एक आवाज, मग घरघर, मग काहीच नाही. पुन्हा आत ओढल्यासारखा. तिनं नकळत कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली. आत कुणीतरी खोकलं. खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावं तसं. आणि त्यानंतर एक शांत, अगदी स्पष्ट आवाज आला.

"दार उघड, बाय."

ती जागची हलली नाही. पाय धरून ठेवल्यासारखे झाले होते. तेवढ्यात पाइपातून वास आला. उग्र, नाकात सुई टोचावी तसा. डोळ्यांतून पाणी आलं. तो वास तिला माहीत होता. ब्लीच आणि अॅसिड एकत्र झालं की हाच विषारी वायू सुटतो. भुतांना असला वास नसतो, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पाय सुटले.

समोरच्या घरातला एरॉल रिक्षा लावून जेवायला बसला होता. "ऊठ! हातोडा घे!" एवढंच ती ओरडली.

दोघं जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या दाराला वर्षभर कुलूप होतं. तिथं राहणाऱ्या विनयाताई वारल्यापासून ते कुणी काढलं नव्हतं. कुलूप हलत होतं. वाऱ्यानं, असं ग्रेसीनं स्वतःला सांगितलं. जिन्यात वारा नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर खुशी राहायची, दुपारी वर घरात असणारी ती एकटीच. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, नवरा मुंबईला नोकरीला. बेल वाजवली, हाका मारल्या, उत्तर नाही. एरॉलनं कडी तोडली आणि तसाच आत धावणार, तोच ग्रेसीनं त्याची कॉलर धरली.

"थांब! तूही पडशील. श्वास रोख, आधी हॉलच्या खिडक्या उघड, बाहेर ये. मग पुन्हा जाऊ."

दुसऱ्या खेपेला त्यांना ती दिसली. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पालथी. मोरीची जाळी आणि वास अडवणारी आतली वाटी काढून बाजूला ठेवलेली, दोन बाटल्या आडव्या, जमिनीवर पिवळट फेस. ग्रेसीनं त्याला हात लावला नाही, वर पाणीही ओतलं नाही. दोघांनी खुशीला काखेत धरून ओढत जिन्यातल्या उघड्या खिडकीशी आणलं. ओठ निळे पडले होते. एरॉलनं तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखाना येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

खुशी वाचली. बोलायला लागली तेव्हा ग्रेसी तिच्या पलंगाशी बसली होती.

"आंटी, एका बाटलीनं काही झालंच नाही, म्हणून दुसरी पण टाकली. मला वाटलं, जास्त स्ट्राँग होईल."

"पुन्हा टाकू नको. तुंबली की मला सांग. बरं झालं तू हाक मारलीस."

खुशीनं मान हलवली. "मी कुठे हाक मारली? वास आला आणि गळाच बंद झाला. आवाजच नाही निघाला."

"दार उघड म्हनालीस ना? बाय म्हनालीस."

"मी तुम्हाला बाय कधी म्हणते, आंटी?"

त्या इमारतीत ग्रेसीला बाय म्हणणारी एकच होती, आणि तिच्या दाराला कुलूप होतं. खिडकीबाहेर दवाखान्याचा जनरेटर सुरू झाला. ती दचकली, मग उगाच खुशीची चादर सारखी करत राहिली. घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, असं एरॉलनं तिला परतीच्या वाटेवर समजावलं. तिनं हो म्हटलं.

खुशी आता मोरीच्या जाळीवर बारीक जाळीचं झाकण ठेवते, रोजचे केस उचलून कचऱ्यात टाकते, तेलाचं भांडं धुण्याआधी कागदानं पुसते. ग्रेसीनंच शिकवलंय. मागच्या गल्लीतलं झाकण मात्र ग्रेसी स्वतःच उघडते. कुणाला जवळ येऊ देत नाही. आधी पाइपावर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करते, कान लावते, आणि थांबते. पलीकडे काही नाही अशी खात्री झाली की मगच झाकण फिरवते. कधीकधी खूप वेळ थांबते.