पहिल्याच्या आधीचं कार्ड

एवढ्या वर्षांच्या नोकरीत घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पण जुन्या प्रकरणांचा विषय निघाला की मला सगळ्यांत आधी आठवतं ते लंडनजवळच्या स्लाऊमधलं, खेळायच्या पत्त्याएवढं एक कार्ड. त्या कार्डापायी एका निर्दोष मुलीला मी जवळजवळ मायदेशी पाठवलं होतं. माझी सगळी नोकरी इंग्लंडच्या पोलिसांत झाली, निवृत्त झालो तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

तक्रार आली ती सोमवारी सकाळी, ड्यूटी बदलताना. तक्रारदार चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. त्याचे काका विमानतळावर मालवाहतुकीत होते. अमेरिकेला जाणाऱ्या सहकाऱ्यांकडून बेसबॉल खेळाडूंची कार्डं मागवून त्यांनी जन्मभर संग्रह केला होता. आता पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती, ते रुग्णालयात होते, आणि संग्रहातलं सर्वांत मौल्यवान कार्ड गायब होतं. एका नामांकित खेळाडूचं रूकी कार्ड, म्हणजे तो नवखा असतानाचं पहिलं कार्ड. घराची किल्ली या पुतण्याशिवाय एकाच व्यक्तीकडे होती, ती म्हणजे वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी.

"काकांना विचारून उपयोग नाही," तो म्हणाला. "त्यांना आता काही समजत नाही. उगाच त्रास होईल."

मी मान हलवली. गोड बोलणाऱ्याचं लवकर पटतं, हा पोलिसांनाही असलेला रोग आहे.

मुलगी नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर, वर्क व्हिसावर आलेली. तिनं आपण होऊन खोली उघडून दाखवली. टेबलावर, आईवडिलांच्या फोटोला टेकवून, त्याच खेळाडूचं एक कार्ड उभं होतं. लपवलेलंसुद्धा नव्हतं. मी ते पुराव्याच्या पिशवीत घालून सील केलं आणि ठाण्यात पुतण्यापुढे ठेवलं. त्यानं एक नजर टाकली, "हेच," म्हणाला आणि जबाबावर सही केली.

मुलीची चौकशी रीतसर झाली. वकील शेजारी, रेकॉर्डिंग चालू, भाषा इंग्रजी.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"घरमालकांनी दिलं. रविवारी आम्ही दोघं कार्डं प्लास्टिकच्या पाकिटांत लावायचो. माझं नोकरीतलं प्रोबेशन चालू होतं तेव्हा हे हातात देऊन म्हणाले, हाही तेव्हा उमेदवारीच करत होता, ठेव तुझ्याकडे."

"एवढं किमती रूकी कार्ड सहज देऊन टाकलं?"

"हे रूकी नाहीच आहे. हे त्याच्या आधीचं आहे."

"पहिल्याच्या आधीचं काय असतं?" मी विचारलं, आणि स्वतःच्याच हजरजबाबीपणावर खूश झालो. कार्डावर साल छापलेलं होतं. त्या खेळाडूचं याहून जुनं कार्डच नव्हतं, हे मी शोधून ठेवलं होतं. मग पहिलं हेच ना!

खरं सांगतो, तिच्या जागी इंग्लिश मुलगी असती तर तो धागा मी सोडला नसता. पण ती मराठी, मी मराठी. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं ठाण्यात कुणी म्हणू नये म्हणून मी तिच्याशी दुप्पट कडक वागत होतो, आणि वर त्यालाच निःपक्षपातीपणा म्हणत होतो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिनं मला थांबवलं. "काका, मी मॅनेजरला स्वतःच सांगितलं, तर माझा लॅपटॉपचा ॲक्सेस बंद केलाय त्यांनी. माझा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर आहे. चार्ज लागला ना, तर जॉब गेला, आणि मग डायरेक्ट नागपूर. आईबाबांना काय सांगू मी?"

"मॅडम, इथे मी कुणाचा काका नाही," मी म्हणालो. "जे सांगायचं ते रेकॉर्डिंगवर सांगा."

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. ते वाक्य उच्चारल्याची मला आजही लाज वाटते.

फाइल सरकारी वकिलांकडे पाठवायची तर मालकाचा जबाब हवा, निदान तो जबाब देऊ शकत नाही असं डॉक्टरांचं पत्र तरी हवं. ते पत्र आणायला मी रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं पत्र मी कसं देऊ? त्यांची वाचा गेली आहे, बुद्धी नाही. डाव्या हातानं लिहितात ते."

म्हाताऱ्यासमोर मी कार्डाचा फोटो धरला. "हेच ना तुमचं रूकी कार्ड?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शाळेत गणिताच्या मास्तरांची आठवण झाली. मग वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "रूकी नाही." त्याखाली, "तिला दिलं." त्याखाली दोनदा अधोरेखित करून, "निळी वही." आणि ती वही कपाटाच्या कोणत्या खणात आहे तेही.

ठाण्यात हे ऐकून आमच्या इन्स्पेक्टरबाईंनी सुस्कारा टाकला. "पुतण्या म्हणेल, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मला कागद हवा."

कागद वहीतच होता. पहिल्या पानावर म्हाताऱ्यानं स्वतःचा नियम लिहून ठेवला होता. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आल्यानंतर, देशभर विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या संचात निघालेलं त्याचं पहिलं कार्ड, तेच रूकी. दुय्यम लीगच्या मैदानावर वाटलेलं कार्ड कितीही आधीचं असो, ते रूकी नव्हे.

मी कपाळावर हात मारला. रणजीत दहा वर्षं धावांचा डोंगर रचला तरी कसोटी पदार्पण कसोटीतच होतं, हे मला, जन्मभर क्रिकेट पाहणाऱ्याला, कुणी शिकवायला हवं होतं का? ती मुलगी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती!

त्या खेळाडूच्या दोन कार्डांच्या नोंदी वहीत होत्या. दुय्यम लीगचं साधं, त्यापुढे मुलीचं नाव आणि "भेट". दुसऱ्यापुढे "रूकी", आणि तज्ज्ञांनी खरेपणाची तपासणी करून ज्या बंद प्लास्टिकच्या डबीत ते सील केलं होतं, तिचा क्रमांक. तो क्रमांक मी इंटरनेटवर टाकला आणि खुर्चीतून उठलोच. कार्ड विकलं गेलं होतं, तक्रारीच्या तीन आठवडे आधी. विक्रेता कोण, हे संकेतस्थळाकडून रीतसर मागवलं. उत्तर आलं, पुतण्या!

आता चौकशीच्या खोलीत तो माझ्यासमोर होता. मी काहीच न कळल्यासारखं विचारलं, "तुम्ही त्या मुलीकडचं कार्ड ओळखलंत. ते रूकी नाही म्हणतात."

"मला त्यातलं काय कळतं?" तो हसला. "सगळ्यांत जुनं ते रूकी, असं वाटलं. प्रामाणिक चूक झाली."

माझीही तीच चूक झाली होती, त्यामुळे हे उत्तर मला अपेक्षितच होतं. मी त्याच्या जाहिरातीची छापील प्रत काढली आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. "हे खरं रूकी कार्ड आहे. या खेळाडूचं दुय्यम लीगचं जुनं कार्ड रूकी म्हणून खपवणाऱ्यांपासून सावध राहा."

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील टेबलाकडे पाहत होता. नंतर सगळं बाहेर आलं. काकांनी रुग्णालयात खुणेनं ते कार्ड आणायला सांगितलं, तेव्हा ते विकलं गेलं होतं. मग चोर कुणीतरी हवा होता. मुलीच्या टेबलावरचं कार्ड पाहून त्याला वाटलं, पोलिसांनी आयतीच सोय केली. चोरी आणि न्यायाची दिशाभूल, दोन्ही आरोप लागले, आणि दोन्ही टिकले. कार्ड घेणारे लीड्सचे गृहस्थ सज्जन निघाले, त्यांनी ते स्वतः आणून दिलं. डबी हातात घेऊन म्हाताऱ्यानं डावी मूठ हवेत उंचावली, आणि अख्ख्या वॉर्डनं टाळ्या वाजवल्या!

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. झुकतं माप जसं चुकीचं, तसं आपल्या माणसासाठी मुद्दाम उणं केलेलं मापही चुकीचंच. तराजू दोन्हीकडून बिघडतो. समोरची व्यक्ती एखादी गोष्ट आपल्याहून जास्त जाणते, हे मान्य करायला पोलिसाला फार जड जातं, आणि नेमकं तिथेच तपास अडतो.

जप्त कार्ड परत करायला शिपाई पाठवला असता तरी चाललं असतं. मी स्वतः गेलो. माफी मराठीत मागायची, असं ठरवूनच. मुलीनं दार उघडलं तेव्हा कानाला हेडफोन, हातावर उघडा लॅपटॉप. मी तोंड उघडणार तोच तिनं बोट वर केलं. "वन मिनट हं, मीटिंग चालू आहे. मीच लीड करतेय."

आणि ती आत वळली. ते मिनिट चांगलं पंचवीस मिनिटांचं झालं. मी पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होतो, आणि तिचा ठणठणीत आवाज ऐकत आणखी तासभर उभं राहायची माझी तयारी होती.