पुढच्या चाकाची थरथर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो, हे आधी कबूल करतो. सासूबाईंनी आमच्या गाडीला लिंबू-मिरची बांधली तेव्हा "एक विमानालाही द्या" म्हणणारा मी नाशिकचा विमान-मेकॅनिक. सौदीतल्या धाहरानपासून तासाभरावरच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात नऊ वर्षं नोकरी करतोय. आणि हे घडलं ते भर सकाळी, लख्ख उन्हात.

आमच्याकडे एक नियम आहे. चाकाचं काहीही खोललं की एकाने बसवायचं आणि दुसऱ्याने तपासायचं... लॉगबुकमध्ये दोघांच्या सह्या. माझे जोडीदार दाऊदचाचा, रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. गेल्या हिवाळ्यात एका दोन सीटच्या विमानाचं पुढचं चाक धावपट्टीवर थरथरायला लागलं. शिमी म्हणतात त्याला. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं एखादं चाक फडफडतं ना, तसंच — फक्त भयानक जोरात. चाचांनी चाकाच्या सांध्यातले झिजलेले बुश बदलले आणि बोल्ट परत बसवला. त्या बोल्टचं मागचं टोक डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपावं लागतं.

"सुधीर, माझ्या बोटांना आता कळत नाय रे. तू हात लावून बगलास ना?"

"बघितलं चाचा. खलास!"

नव्हतं बघितलं. बायको आणि मुलगी पहिल्यांदाच इकडे येत होत्या, त्यांचं विमान दम्मामला उतरायची वेळ झाली होती. शिवाय चाचांच्या हातून चूक? शक्यच नाही! मी सही ठोकली आणि पळालो.

चौथ्या दिवशी चाचा खोलीवर झोपेतच गेले. दफन इथेच झालं. घरच्यांना शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही.

विमान तोवर रेडिओच्या कामासाठी उभंच होतं. आठवड्याने ते धावपट्टीवर पळवून बघायचं ठरलं. डावीकडे आमचे सौदी कॅप्टन, उजवीकडे मी. दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी त्यातून पहिल्यांदा एकटी उडणार होती. वेग घेतला आणि नाक थरथरायला लागलं. पेडल पायांवर आपटतायत, दातांवर दात वाजतायत... मी ओरडलो, "स्टॉप!"

कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिले. "व्हाय? इट्स स्मूथ."

त्यांच्यासमोर पाण्याची अर्धी बाटली अडकवलेली होती. आतलं पाणी जेमतेम डुचमळत होतं. माझे गुडघे मात्र उडत होते!

तीनदा पळवलं, तीनदा तेच. शेवटी कॅप्टन हळूच म्हणाले, "गो होम, माय फ्रेंड. यू मिस हिम." आणि उद्याच्या उड्डाणाचा कागद सहीसाठी पुढे केला.

सही केली असती तर मी सुटलो असतो. चाक खोलायला लावलं की पहिला प्रश्न येणार — तपासलं होतंस ना? तेवढ्यात उद्याच्या उड्डाणांच्या बोर्डवर त्या मुलीचं नाव दिसलं. मी उठलो, विमानाच्या नाकाखाली बसलो आणि बोल्टच्या मागे हात घातला.

नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन तिथे नव्हती. चाचा विसरले होते. नट नुसत्या बोटाने फिरला आणि माझ्या तळहातावर पडला.

कॅप्टनना सगळं खरं सांगितलं. वॉर्निंग लेटर मिळालं, योग्यच मिळालं. पिन घालून पुन्हा पळवलं तर थरथर गायब. ढिल्या बोल्टने शिमी येते, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. पण मग ती शेजारी बसलेल्या माणसाला का जाणवली नाही? एकट्या मलाच कशी?

महिन्याभराने चाचांच्या मुलाचा रत्नागिरीहून फोन आला. बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "अब्बा नेहमी सांगायचे, सुधीरने हात लावून बगलं की मला शांत झोप लागते. गेले त्या रात्रीपण फोनवर तेच बोलले."

कॅप्टनना सांगू शकलो, त्याला नाही सांगू शकलो. "हो, बघायचो ना मी," म्हणालो आणि फोन ठेवला.