विजयकरबाईंचा तिसरा हंगाम

विजयकरबाई रोज सकाळी भांगेचं एक फूल दोन बोटांत चुरडत, बोटं किती चिकटतात ते बघत आणि म्हणत, "बोटांवर विश्वास नाही ठेवायचा. तराजूच्या काट्यावर काय येतं ते बघू." परळच्या सरकारी प्रयोगशाळेत मी नवी लागले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. गिरगावातून यायच्या, त्या आधीच दमलेल्या.

मागच्या अंगणात, कुलपाआड, परवान्याने लावलेली भांगेची रोपं होती. निम्मी उघड्यावर, निम्मी काचेखाली. साधी काच ऊन आत सोडते, पण त्यातले अतिनील किरण बरेचसे अडवते. भांगेच्या फुलावर चिकट राळ धरते आणि नशेचं द्रव्य त्या राळेतच असतं. "उन्हापासून स्वतःला वाचवायला झाड ही राळ करत असेल का गं?" बाई मला विचारत, जणू मला ठाऊक असावं. पहिल्या हंगामात उघड्यावरच्या रोपांत ते द्रव्य जास्त भरलं. दुसऱ्या हंगामात फरक जवळजवळ नव्हताच. आता सगळी भिस्त तिसऱ्यावर.

रोपं फुलावर आली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबई बंद पडली. गोळीबार, संचारबंदी. पाच दिवस प्रयोगशाळेत कुणी फिरकलं नाही. सहाव्या दिवशी ट्राम बंद असताना बाई गिरगावातून चालत आल्या. मी लालबागहून पोचले, तेव्हा त्या अंगणाच्या पायरीवर बसल्या होत्या. भिंतीपलीकडून आलेल्या दगडांनी काचा फुटल्या होत्या. रोपं जगली होती. पण काचेखालच्यांना किती दिवस उघडं ऊन लागलं, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "बाई, काचा काल फुटल्या असं लिहा. कोण होतं बघायला?"

"मीही नव्हते ना, साहेब. म्हणून तर लिहिता येत नाही."

अहवालात त्यांनी लिहिलं, 'निष्कर्ष काढता येत नाही.' अबकारी खात्याच्या माणसासमोर रोपं जाळली. साहेबांनी पुढचा परवाना मागितलाच नाही.

राज्य झालं, साहेब बदलले. नवा परवाना आला तो नेमका बाई निवृत्त होत होत्या त्या आठवड्यात. कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता तू कर. मला हवं होतं तेच उत्तर येईल, असं धरून बसू नकोस."

मी रोपं लावली नाहीत. घरी दोन लहान मुली, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. दिवस ढकलत राहिले आणि परवान्याची मुदत संपली. वर्षभराने गिरगावात जाऊन बाईंना तसं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

"बरं केलंस. ओढूनताणून केलं की आकडे चुकतात." मग म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. त्या दिवशी फुटलेल्या काचा बघितल्या ना, तेव्हा आधी मला बरंच वाटलं गं. सुटले एकदाची, आता तिसऱ्याचं उत्तर बघायला नको, असं. रडू नंतर आलं."

त्यानंतर त्या फार दिवस जगल्या नाहीत.