विमानवाहू जहाजाला खुबूस खिलवणाऱ्या ॲडमिरल बाई

ॲडमिरल बाईंना बोट लागायची. दुबईची खाडी ओलांडायला अब्रा नावाची होडी असते. त्या चिमुकल्या प्रवासातही त्या डोळे मिटून, तोंडाला रुमाल लावून बसत. आणि हीच बाई शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या ऑफिसात बसून जगभरच्या जहाजांना सुटे भाग पुरवायची. नाव आम्हीच ठेवलं होतं. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "चालेल. पगारही ॲडमिरलचाच द्या."

मोठ्या जहाजाचा दबदबा त्यांच्यापुढे चालत नसे. जेबेल अली बंदराला अणुशक्तीवर चालणारं परदेशी विमानवाहू जहाज लागलं, की आम्ही उगाच हळू आवाजात बोलायला लागायचो. बाई म्हणायच्या, "अणुभट्टीचं आपल्याला कोण विचारतंय? ती वर्षानुवर्षं चालते म्हणे. तुंबतात ते संडास आणि बंद पडतात ते फ्रीज. यल्ला, कामाला लागा!" खरंच होतं. अणुभट्टीचा स्क्रूसुद्धा कुणी आमच्याकडे मागितला नाही. मागितले ते नळ, गाळण्या आणि पंख्यांचे पट्टे.

कंपनीला नडायची ती त्यांची एकच खोड. त्यांना खोटं बोलता येत नसे. माल गोदामात लोळत असला तरी "निघालाय, सर" असं आम्ही सगळेच फोनवर बिनदिक्कत ठोकतो. बाई सांगायच्या, "अजून सापडलाच नाही. शिव्या द्यायच्या असतील तर आत्ताच द्या, नंतर मी कामात असेन."

एका हिवाळ्यात असंच एक जहाज आलं आणि त्याच्या भटारखान्यातलं पीठ मळायचं यंत्र बसलं. आतलं दातेरी चाक तुटलं होतं. हजारो खलाशी, आणि पाव नाही! आमच्याकडे तसं चाक होतं, पण मोडीत काढलेल्या जहाजावरून आणलेलं. आमचे मॅनेजर कर्णिक म्हणाले, "पॉलिश मारा, नव्या खोक्यात घाला. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," बाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे जहाजावरच्या अधिकाऱ्याला फोन लावला. चाक मिळालं का, असं त्याने विचारलं. "सर, पार्ट इज गुड. बट पार्ट इज ओल्ड."

जुना भाग घ्यायची जहाजवाल्यांना परवानगी नव्हती. ऑर्डर खलास. कर्णिकांनी कपाळाला हात लावला. पण बाईंनी फोन ठेवलाच नव्हता. "सर, ब्रेड यू वाँट ऑर नॉट?"

मग त्यांनी शारजातल्या ओळखीच्या सगळ्या रोट्यांच्या भट्ट्या कामाला लावल्या. संध्याकाळी तपासणी वगैरे उरकून खुबूसने, म्हणजे तिकडच्या अरबी रोट्यांनी, भरलेल्या गाड्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. अणुशक्तीचं ते अवाढव्य धूड आमच्या कोपऱ्यावरच्या पठाणाच्या रोट्या खाऊन झोपलं. "इन्शाल्ला, पोटं बिघडायची नाहीत," बाई म्हणाल्या.

खुबूसचं कौतुक ऑफिसात सगळ्यांनी केलं, मालकांनी सोडून. त्यांच्या डोक्यात ते चाकच राहिलं. बाईंच्या व्हिसाच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा वरून निरोप आला, कॉस्ट कटिंग, व्हिसा वाढवायचा नाही. मुलीला त्या एकट्या वाढवत होत्या. मुग्धा अकरावीत होती आणि तिचा व्हिसा आईच्याच व्हिसावर होता.

शेवटच्या दिवशी मुग्धा ऑफिसात आली. "आई, यू कुड हॅव जस्ट केप्ट क्वाएट."

"हो गं," टेबल आवरता आवरता बाई म्हणाल्या. "फोन ठेवल्यावर मलाही तेच वाटलं." मग खण बंद करत म्हणाल्या, "पण तो माणूस इतक्या विश्वासाने विचारत होता."

विमानतळावर सोडायला कर्णिक स्वतः गाडी घेऊन आले. बॅगा त्यांनीच उतरवल्या. ट्रॉली पुढे ढकलत म्हणाले, "बाई, पुण्यात माझा एक मित्र आहे. त्याची फॅक्टरी आहे. तुमच्यासाठी शब्द टाकू का?"

"टाका की. पण खरं तेच सांगा हं."

बाई मुलीला घेऊन आत गेल्या. कर्णिकांनी तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत उभं राहून फोन लावला. "एक बाई पाठवतोय. कामाला वाघ. नाही रे, आम्हीच काढलं... चूक? चूक आमची." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कर्णिकांनी चष्मा काढला. "हो, त्रास होईल तुला. तरी ठेवून घे."